प्रशिक्षणाच्या दिवशीचं जेवण: तीस माणसं, मोजके पैसे आणि जागी राहणारी दुपार

श्रीखंड-पुरीचं ताट मी प्रशिक्षणासाठी आयुष्यात एकदाच मागवलं. भोसरीतल्या एका कारखान्यात आग विझवण्याचं प्रशिक्षण होतं. मार्च महिना, वर पत्रा, आणि लोक खूश व्हावेत ही माझी हौस. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. लोक खरोखरच खूश झाले. सव्वादोनला प्रशिक्षक सिलिंडरची पिन कशी काढायची ते दाखवत होते, तेव्हा मागच्या दोन रांगांमध्ये माना डुलत होत्या आणि एक जण चक्क घोरत होता. चूक त्याची नव्हती, मेनू मी ठरवला होता.

तेव्हापासून मी मेनू शेवटी ठरवते. आधी एकच प्रश्न विचारते: दुपारी दोन वाजता या माणसांनी काय करायचं आहे? खुर्चीत बसून पडद्याकडे बघायचं आहे, मशिनवर हात चालवायचा आहे, की परीक्षेचा पेपर सोडवायचा आहे? बाकी सगळं, म्हणजे पोळ्या किती, भात ठेवायचा की नाही, डबा कुठून आणायचा, या उत्तरावर ठरतं.

दोन वाजल्यापासून मागे या

दुपारी एक ते तीनच्या दरम्यान येणारी सुस्ती फक्त जेवणामुळे येत नाही. शरीराच्या घड्याळातच त्या वेळेला एक उतार असतो, न जेवलेल्या माणसालाही तो जाणवतो. तेलकट, गोड आणि भरपेट जेवण तो उतार अधिक खोल करतं. म्हणून जेवण हलकं ठेवून अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं वेळापत्रकात करावं लागतं: जेवणानंतरचा पहिला तास उभं राहून करायच्या कामाला द्या, स्लाइड्स सकाळी उरका. प्रशिक्षक बाहेरचा असेल तर त्याला हे फोनवर आधीच सांगा. बहुतेक जण आनंदाने बदल करतात, कारण झोपलेल्या खोलीपुढे बोलण्याचा अनुभव त्यांनाही असतो.

सकाळच्या नाश्त्याचा हिशेबही इथेच करायचा. अकराच्या चहाबरोबर सामोसे किंवा वडे ठेवले, तर एक वाजताच्या हलक्या जेवणाला काही अर्थ उरत नाही. साडेनऊला पोहे किंवा उपमा, सव्वाअकराला नुसता चहा, एकला जेवण, पावणेदोनला पुन्हा सुरू, पावणेचारला चहा आणि कोरडी भेळ किंवा फुटाणे. हा क्रम मला सगळ्यांत सोयीचा पडतो.

एक वाजता म्हणजे एक वाजता. गटात मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे एक-दोन जण असतातच, आणि ते हात वर करून सांगत नाहीत. सत्र लांबलं म्हणून जेवण दोनवर ढकललं तर त्यांना खरोखर त्रास होतो.

तारीख: गुरुवारचं काय ते आधी बघा

भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मशिन बंद, माणसं मोकळी, म्हणून कारखान्यातली प्रशिक्षणं हटकून गुरुवारी ठेवली जातात. आता जेवणाच्या बाजूने बघा. गुरुवारी कारखान्याचं कॅन्टीन बंद. आसपासच्या बऱ्याचशा खाणावळी बंद, कारण त्यांचं गिऱ्हाईकच नाही. स्वामींचा किंवा साईबाबांचा गुरुवार करणारे दर गटात तीन-चार जण. आणि सत्र पुणे शहरात असेल तर महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते तो वारही बहुतेक वेळा गुरुवारच. तीस माणसं जेवली आणि हात धुवायला नळाला पाणी नाही, हा प्रसंग मी पाहिलेला आहे.

गुरुवार टाळता येत नसेल तर तीन गोष्टी करा. जेवण शहरातून किंवा अशा भागातून मागवा जिथे दुकानं चालू आहेत. पाणी बंदची बातमी एक-दोन दिवस आधी येते, ती बघून पिंप भरून ठेवा. आणि उपासाची पानं वेगळी मोजा.

बाकी तारखांसाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजान, पर्युषण. पालख्या पुण्यात असतात ते दिवस आणि विसर्जनाचा दिवस सोडूनच द्या. जेवण वेळेवर पोचणार नाही आणि माणसंही.

चार प्रश्न, एक दिवस आधी नाही, चार दिवस आधी

गटाच्या व्हॉट्सअॅपवर मी चारच प्रश्न टाकते. त्या दिवशी उपास आहे का? कांदा-लसूण किंवा जमिनीखालचं काही चालत नाही का? कशाची अॅलर्जी आहे का? पोळ्या साधारण किती लागतात?

तिसऱ्या प्रश्नात शेंगदाण्याचं नाव मुद्दाम लिहा. आपल्याकडे दाण्याचं कूट कोशिंबिरीत असतं, भाजीत असतं, उपासाच्या आमटीत तर असतंच. ते आपल्याला वेगळा पदार्थ वाटतच नाही. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला पांढऱ्या कोशिंबिरीत शेंगदाणे असतील अशी शंकाही येत नाही. कूट घातलेल्या भांड्यासमोर चिठ्ठी लावायची, आणि अॅलर्जीवाल्याचं पान स्वयंपाकघरातच वेगळं काढून घ्यायचं.

चौथा प्रश्न काहींना विनोदी वाटतो. पण कार्यालयातला माणूस दोन पोळ्यांत थांबतो आणि पहिल्या पाळीला सकाळी साडेसहाला आलेला ऑपरेटर चार पोळ्या सहज खातो. त्याला अर्धपोटी ठेवणं म्हणजे हलकं जेवण देणं नव्हे. तेल, मैदा आणि साखर कमी करा. पोळी, उसळ, ताक पोटभर मिळू द्या.

आकडा ठरवताना सुरक्षारक्षक, सफाईच्या मावशी, प्रोजेक्टर लावणारा मुलगा आणि प्रशिक्षकाचा ड्रायव्हर यांना पहिल्यापासून धरा. उरलं तर त्यांना, ही पद्धत मला पटत नाही. आणि व्यवहार म्हणूनही ती चुकते, कारण नेमकं त्याच दिवशी काही उरत नाही.

कंपनीतल्याच लोकांचं प्रशिक्षण असेल तर ऐन वेळी काही जण गळतात. ३० नावं असली तर मी भाजी-उसळ २८ जणांची सांगते आणि पोळ्या पूर्ण ३० जणांच्या. आमटी वाढवता येते, भाजी थोडी कमी वाढता येते, पोळीचं तसं काही करता येत नाही.

मेनू: प्रवासात टिकेल तोच

घरी उत्तम लागणारे बरेच पदार्थ तासाभराच्या प्रवासात मरतात. ज्वारीची भाकरी थंड झाली की वातड होते, थालीपीठही तसंच. पिठलं घट्ट बसतं. दुधी आणि दोडक्याला पाणी सुटतं आणि ताटात सगळीकडे ओहोळ जातात. जागेवर तवा असेल तर भाकरी-पिठल्याइतकं स्वस्त जेवण नाही. तवा नसेल तर तो मोह सोडा.

माझं कायमचं पान असं आहे: घडीची पोळी, मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, एक कोरडी भाजी, कोशिंबीर, ताक, एक फळ. भात नाही. पुण्यात भाताशिवाय पान वाढलं की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, भात मागून येतोय का?" पहिल्या दोन वेळा विचारतील, तिसऱ्या वेळी सवय होते. गटात भात लागणारे जास्त असतील तर साधं मुगाचं वरण आणि मूठभर भात ठेवा, पण मग उसळ आणि वरण दोन्ही नकोत.

कोरड्या भाजीत फरसबी, कोबी-मटार, तोंडली हे भरवशाचे. बटाटा सगळ्यांना आवडतो, पण जैन मंडळींना चालत नाही. वांगं चातुर्मासात अनेक घरांत बंद असतं. पावसाळ्यात पालेभाजी मोठ्या प्रमाणात नकोच. चिखल आणि अळ्या निवडायला जो वेळ लागतो तो तीस माणसांच्या स्वयंपाकात कोणी देत नाही.

खमंग काकडी करायची तर काकडी चोचवून, कूट आणि फोडणी वेगळ्या डब्यात न्या, मीठ वाढायच्या दहा मिनिटं आधी. आधी मीठ घातलं की काकडी पोहायला लागते. गाजर-कोबीची कोशिंबीर जास्त वेळ टिकते, उन्हाळ्यात मी तीच ठेवते.

दुसरा पर्याय मूगडाळीची मऊ खिचडी, सोबत टोमॅटोचं सार, भाजलेला पापड आणि कोशिंबीर. सगळ्यांत स्वस्त आणि वाढायला सोपी. अडचण अशी की खिचडी दर दहा मिनिटांनी घट्ट होते, त्यामुळे उकळतं पाणी थर्मासमध्ये सोबत हवं. तिसरा पर्याय इडली, चटणी आणि भाज्या घातलेलं सांबार. इडल्या माणशी चार धरा. नारळाची चटणी मे महिन्यात दुपारपर्यंत आंबते, तेव्हा कोरडी डाळ्याची चटणी द्या.

उपासवाल्यांना आपण सवयीने साबुदाण्याची खिचडी देतो. ती तुपकट आणि जड, आणि गार झाली की गोळा. वरईचा भात, पातळशी दाण्याची आमटी, ताक आणि केळं हे जास्त बरं. वरई किंवा भगर घेताना सुटी, जुनी, ओलसर वासाची घेऊ नका; भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्राच्या सुमारास येतात आणि त्यात बुरशी लागलेल्या मालाचा वाटा असतो. बंद पाकिटातली घ्या, निवडून, धुऊन वापरा, पीठ तर दळून ठेवलेलं नकोच.

गोड? गोडाऐवजी फळ. केळी, संत्री, पेरू, जे सालीसकट देता येईल ते. कापलेली पपई-कलिंगड उन्हाळ्यात तासभर उघडी राहिलेली नकोत. सीताफळाच्या हंगामात पुरंदरचं सीताफळ द्यायचा मोह होतो. बिया कुठे टाकायच्या यावर तीस माणसांचा विचारविनिमय सुरू होतो, म्हणून नको.

आणि मिसळ. दर वेळी कोणीतरी सुचवतं. तर्री, फरसाण आणि मैद्याचा पाव खाऊन दोन वाजता पेपर सोडवून दाखवा, मग बोलू.

तीस जणांचं प्रमाण

स्वयंपाक बचत गटाकडून किंवा कंपनीच्याच स्वयंपाकघरात करून घेणार असाल तर हे आकडे हाताशी ठेवा. मिश्र गट धरला आहे, काही कार्यालयातले, काही कारखान्यातले.

- कणीक अडीच किलो. त्यात मध्यम आकाराच्या ७५ ते ८० पोळ्या होतात. सगळेच ऑपरेटर असतील तर साडेतीन किलो.
- कोरडी मटकी १ किलो. मोड येऊन दोन किलोच्या वर जाते.
- भाजी निवडण्याआधी ४ किलो.
- काकडी २ किलो, दाण्याचं कूट २०० ग्रॅम.
- दही २ लिटर, त्याचं सहा लिटर ताक. उन्हाळ्यात आठ लिटर करा.
- भात ठेवणार असाल तर तांदूळ दीड किलो, मूगडाळ ८०० ग्रॅम.

मटकीचं गणित वेळेचंही आहे. बुधवारी दुपारी उसळ हवी तर मंगळवारी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी फडक्यात बांधा. पुण्याच्या डिसेंबरात एवढ्याने मोड येत नाहीत. तेव्हा सोमवारी रात्रीच भिजवा आणि बांधलेलं गाठोडं उबदार जागी, झाकलेल्या पातेल्यात ठेवा.

कुणाकडून घ्यायचं

पुण्यात यासाठी हॉटेलची गरज नाही. गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत. सदाशिव पेठ, नवी पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी चालणाऱ्या मेस आहेत. आणि बचत गट. तिघांची स्वभावं वेगळी.

पोळी-भाजी केंद्रात पोळी नगावर आणि भाजी वजनावर मिळते, त्यामुळे हिशेब स्वच्छ राहतो. पण बारा ते एक ही त्यांचीही गर्दीची वेळ. दोन दिवस आधी आगाऊ रक्कम देऊन नाव लिहून घ्या आणि माल साडेअकराला उचला. मेसचा स्वयंपाक रोज मोठ्या प्रमाणावर होतो, तीस पानं त्यांना जड नाहीत. फक्त तेल आणि तिखट स्पष्ट बोलून कमी करून घ्या. मी जिथून घेते तिथल्या काकू पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "तर्री नाही दिली तर पोरं ताट परत करतात हो." मी म्हटलं, माझी पोरं पन्नाशीची आहेत, चालेल. बचत गटाचा स्वयंपाक घरच्यासारखा असतो, आणि प्रमाण, वेळ, डब्यांची सोय हे सगळं तुम्ही लिहून द्यावं लागतं. लिहून दिलं की काम चोख होतं.

कोणाकडूनही घ्या, अन्न सुरक्षेचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक विचारा. तो १४ आकडी असतो आणि बिलावर किंवा भिंतीवर दिसायला हवा. तुमच्या हिशेब विभागाला पक्कं बिल लागतं का, तेही आधीच विचारा. छोट्या केंद्राकडे जीएसटी नोंदणी नसू शकते. नोंदणी असलेल्या केटररच्या बिलावर सहसा ५ टक्के लागतो, तो अंदाजपत्रकात धरायला लोक विसरतात. आणि पहिल्यांदा घेत असाल तर आधी एकदा दोन माणसांचं जेवण आणून ते दीड तास डब्यात झाकून ठेवा, मग खा. दुकानात उभ्याने चव बघून काही कळत नाही.

पैशाचा हिशेब

समजा माणशी १३० रुपये मंजूर झाले. तीस जणांचे ३,९०० रुपये. खालचे दर केवळ हिशेब दाखवायला घेतले आहेत, तुमच्या भागातले घालून बघा.

पोळ्या ७५, बारा रुपयांनी: ९००. भाजी साडेतीन किलो, २८० रुपयांनी: ९८०. उसळ तीन किलो, २६० रुपयांनी: ७८०. कोशिंबीर १.८ किलो, ३०० रुपयांनी: ५४०. ताक सहा लिटर, ५० रुपयांनी: ३००. केळी तीन डझन, ६० रुपयांनी: १८०. एकूण ३,६८०. उरले २२०, आणि त्यात पत्रावळी, द्रोण, टेंपो किंवा रिक्षा. बसत नाही.

कापायचं कुठे? बहुतेक जण भाजी-उसळ कमी करतात, आणि तिथेच जेवण फसतं. कोशिंबीर बघा. दोन किलो काकडी आणि कूट घरून किंवा कार्यालयातच केलं तर दीडशेच्या आसपास काम होतं. चारशे रुपये इथेच सुटले. ताकही दही आणून जागेवर घुसळता येतं. विकतच्या पाण्याच्या छोट्या बाटल्या तर पूर्ण बंद करा. दोन मोठे जार आणि स्टीलचे पेले पुरतात.

त्या दिवशी

शिजवलेलं अन्न एक तर ६० अंशांच्या वर गरम हवं किंवा ५ अंशांच्या खाली गार. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि शिजलेला भात यात सगळ्यांत बेभरवशाचा, कारण त्यातले काही जंतू शिजवण्यातूनही वाचतात. म्हणून माझा नियम: आचेवरून उतरल्यापासून दोन तासांच्या आत पान वाढलं गेलं पाहिजे. हिंजवडीला किंवा चाकणला जायचं असेल तर कोथरूडहून डबा मागवणं हा जुगार आहे. तिथल्याच जवळचं कोणीतरी शोधा.

पोळ्या फडक्यात गुंडाळून हवाबंद डब्यात, पण अगदी वाफाळत्या नाहीत, नाहीतर खालच्या ओल्या होतात. उसळ डब्यातून आल्यावर एकदा उकळी आणता आली तर उत्तम. कार्यालयात इंडक्शनची एक शेगडी असली की भागतं. ओगराळं, डाव, चिमटा, मिठाचं भांडं, लिंबं आणि कात्री यांची पिशवी मी कायम भरलेली ठेवते. कात्री ताकाच्या पिशव्यांसाठी. तिच्यावाचून दातांनी पिशव्या फोडणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत.

मांडणीत एकच युक्ती: टेबल भिंतीपासून दूर, दोन्ही बाजूंनी वाढून घेता येईल असं. रांग निम्मी होते. कोशिंबीर आणि उसळ आधी, पोळ्या शेवटी ठेवा. उलट केलं की माणसं चार पोळ्या घेऊन पुढे सरकतात आणि ताटात जागाच उरत नाही. पंचेचाळीस मिनिटांत तीस जण जेवून, हात धुऊन, खाली एक चक्कर मारून परत येतात.

ताटं शक्यतो स्टीलची. मांडववाल्याकडे ती भाड्याने मिळतात, धुवायला कोण हे आधी ठरवा. ते जमत नसेल तर पानांच्या पत्रावळी; मंडई आणि बोहरी आळीच्या बाजूला घाऊक मिळतात. थर्माकोलच्या आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, दंड कंपनीच्या नावावर येतो. कचऱ्याला दोन पिंपं, ओलं आणि सुकं, आणि त्यांच्या शेजारी पहिली दहा मिनिटं कोणीतरी उभं राहायला हवं. नाहीतर द्रोण, केळ्याची साल आणि चहाचे कप एकाच पिंपात जातात आणि दुसऱ्या दिवशी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना ते हाताने वेगळं करावं लागतं.

न वाढलेलं अन्न उरलं तर अडीचच्या आत वाटून टाका, संध्याकाळच्या चहापर्यंत ठेवू नका.

भांडी उचलायच्या आधी दोन मिनिटं काढून मी वहीत लिहिते. मागच्या वेळची नोंद अशी आहे: ३१ पानं. उसळ सव्वाला संपली. पोळ्या ९ उरल्या. तोंडली बऱ्याच जणांनी ताटात ठेवली. ताक कमी पडलं, तिघे कोरडे. पुढच्या वेळी मटकी सव्वा किलो, पोळ्या ७०, फरसबी, ताक आठ लिटर.